ही गाणी लागली की मी थेट रमणबागेत

प्रभाताईंचं, म्हणजे गायिका प्रभा अत्रेंचं, 'जागू मैं सारी रैना' लागलं की मला थंडी वाजते. खरंच सांगतेय, मे महिना असू दे, पंखा पाचावर असू दे, मारुबिहाग रागातलं ते 'जागू' कानावर आलं की हात आपोआप शाल शोधायला लागतात. कारण हे गाणं मी पहिल्यांदा नीट ऐकलं ते पुण्यातल्या रमणबाग शाळेच्या मैदानावर, डिसेंबरात, रात्री, सतरंजीवर मांडी घालून, आणि तेव्हापासून ते गाणं आणि ती थंडी मला वेगळी करता आलेली नाहीये, करायचीही नाहीये.

गेले काही दिवस मी सवाईची प्लेलिस्ट बनवतेय. म्हणजे सवाई गंधर्व महोत्सवात ऐकलेली आणि जीव तिथंच अडकून राहिलेली गाणी, जी कुठंही लागू देत, रिक्षात, लग्नाच्या हॉलमध्ये, शेजारच्यांच्या टीव्हीवर, मी दोन मिनिटं तिथं नसतेच. प्लेलिस्ट बनवताना एक गोष्ट लक्षात आली आणि तीच सांगायला हे लिहायला बसले. यूट्यूबवर एकेका चिजेची, म्हणजे बंदिशीची, पाच-पाच सात-सात रेकॉर्डिंग सापडतात, त्यात स्टुडिओतलं स्वच्छ, नितळ रेकॉर्डिंग असतं आणि एखादं खरखरीत, कुणीतरी मांडवात बसून टेप केलेलं, ज्यात खोकला आहे, 'क्या बात है' आहे, मधेच एक लहान मूल रडतंय. आणि दर वेळी मी ते खरखरीतच निवडतेय. गाणाऱ्याचा आवाज दोन्हीकडे तोच आहे, पण आठवण येते ती दुसऱ्यातनंच, कारण मला आठवतं ते नुसतं गाणं नसतं, ते ऐकणारी माणसं आठवतात.

ज्यांना सवाई माहिती आहे त्यांना हे सांगायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. भीमसेन जोशींचे गुरू म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, सवाई गंधर्व. ते 1952 साली गेले आणि पुढच्याच वर्षापासून, 1953 पासून, त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात हा उत्सव सुरू झाला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. भीमसेनजी 2011 च्या जानेवारीत गेले, त्यानंतर उत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं, पण पुण्यात कुणी एवढं लांबलचक नाव घेत नाही, 'सवाईला चाललोय' एवढं म्हणलं की झालं. एका शिष्यानं गुरूसाठी सुरू केलेली गोष्ट सत्तर वर्षांच्या वर चाललीये आणि त्यातली पन्नासेक वर्षं तो शिष्य स्वतः तिथं राबलाय, सतरंज्या कुठं टाकायच्या इथपासून कलाकारांना फोन करण्यापर्यंत, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते.

मला सवाईला नेलं ते आत्यानं. आत्या नारायण पेठेत राहायची, रमणबागेपासून चालत पाच मिनिटांवर, आणि डिसेंबरातल्या त्या दिवसांत तिच्या घरी कोण कुठून येऊन झोपायचं याचा पत्ता नसायचा, सांगली, बेळगाव, धुळे, एकदा तर इंदूरचे कुणीतरी लांबचे दीर. सगळे दिवसा झोपायचे आणि रात्री मांडवात. मी शाळेत होते. घरून परवानगी मिळाली ती 'आत्याबरोबर जाणार आणि आत्याबरोबरच येणार' या अटीवर. आत्यानं पहिल्याच रात्री गेटवर मला सांगितलं, "हे बघ, झोप आली तर झोप, कुणी रागावणार नाही. पण जागी असशील तेव्हा बोलायचं नाही. आणि उगीच मान हलवू नकोस, आधी सम कुठं येते ते शोध, सापडली की मान आपोआप हलते."

ती रात्रभर सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, शोधत बसले मी. विलंबित एकतालात एक आवर्तन म्हणजे केवढं लांब असतं ते शाळकरी पोरीला विचारा! पण कधीतरी, किती वाजले होते काय माहीत, ती सापडली. आणि सापडली ती माझ्यामुळं नाही, आजूबाजूच्या शंभर-दोनशे माणसांच्या माना एकदम खाली आल्या ना, त्यात माझीही आली. संगीत शिकवणारे फार चांगले गुरू पुढं मला मिळाले पण सम शिकवली ती त्या गर्दीनं.

सतरंजीची जागा धरणं हा एक वेगळाच कार्यक्रम असायचा. खुर्च्या, सोफे पुढं असायचे, पण आमचा जीव भारतीय बैठकीवर. दुपारीच कुणीतरी जाऊन चादर टाकून यायचं. चादरीच्या चार कोपऱ्यांवर चपला, पाण्याची बाटली, एखादी पिशवी. आमच्या शेजारी दरवर्षी एक आजोबा यायचे, डोक्याला मफलर, बरोबर थर्मास आणि एक लांबट वही. त्या वहीत ते प्रत्येक कलाकाराचं नाव, राग, बंदिशीचे शब्द, ताल आणि साथीला कोण, सगळं पेन्सिलीनं टिपून ठेवायचे, पेन का नाही विचारलं तर म्हणाले थंडीत शाई दगा देते. राग ओळखता आला नाही तर आत्याला खुणेनंच विचारायचे, आणि आत्या बोटांनी काहीतरी हवेत दाखवायची आणि त्यांना ते कळायचं. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही पण 'गोपाला' लागलं की मला आधी ते दिसतात.

आता 'गोपाला'बद्दल सांगायलाच पाहिजे. 'गोपाला मेरी करुणा क्यूं नहीं आवे'. अब्दुल करीम खाँसाहेबांची ही चीज, त्यांची जुनी तबकडी आहे, तीन-साडेतीन मिनिटांची, तेवढ्यात माणसाला हलवून टाकणारी. पण सवाईत ती गायचे फिरोज दस्तूर. दस्तूर म्हणजे पारशी माणूस, लहानपणी 1930 च्या दशकात वाडियांच्या बोलपटात काम केलेला बालनट, आणि मग सवाई गंधर्वांकडे शिकून किराणा घराण्याचा असा काही होऊन गेलेला गवई की डोळे मिटून ऐकलं तर खाँसाहेबांचीच आठवण यावी. त्यांचा ख्याल, म्हणजे रागाची मुख्य मांडणी, संपत आला की मांडवात चुळबूळ सुरू व्हायची. मग मागून कुठून तरी एक आवाज यायचा, "गोपाला!" मग डावीकडून, मग सोफ्यांतून, मग बायकांच्या बाजूनं, "गोपाला, गोपाला". दरवर्षी तेच मागणं आणि दरवर्षी त्यांनी ते गायचंच, हे सगळ्यांना माहीत असूनही मागायचं, कारण ते मागणं हाही त्या गाण्याचाच भाग होता.

आणि मग ते सुरू करायचे. वय सत्तरीच्या पुढं गेलेलं, पण आवाज असा टोकदार आणि ओला. 'करुणा' या एका शब्दावर ते पुन्हा पुन्हा यायचे, एकदा वरून, एकदा खालून, एकदा नुसतं टेकून, आणि दर वेळी वाटायचं आता यापुढं काही नसेल, आणि असायचं. एका वर्षी मी सहज मागं वळून बघितलं तर सगळा मांडव निश्चल. चहाच्या स्टॉलवरचा माणूससुद्धा कनातीच्या फटीतून आत बघत उभा, हातात किटली तशीच. वहीवाल्या आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली होती. गाणं संपल्यावर त्यांनी वहीत काही लिहिलं नाही, नुसती वही मिटली, आत्याकडं बघितलं आणि म्हणाले, "झालं आपलं सवाई." अजून दोन कलाकार बाकी होते.

दस्तूर 2008 साली गेले. खाँसाहेबांची मूळ तबकडी मी अनेकदा ऐकते, ती थोरच आहे, तिच्यापुढं बोलण्याची माझी पात्रता नाही. पण प्लेलिस्टमध्ये मी टाकलंय ते दस्तूरांचं, मांडवातलं, ज्यात सुरुवातीला तो "गोपाला!" असा आवाज आहे. तो आवाज कापून टाकला असता तर मी ते घेतलंच नसतं.

गंगूबाईंचं एक वेगळं. गंगूबाई हनगल यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी झोपेतून उठून बसले होते, पुरुष गातोय का बाई गातेय हे कळेना आणि समोर बघितलं तर नऊवारी नेसलेल्या, नाकात चमकी घातलेल्या एक आजी बसलेल्या. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज असा झाला हे मला फार नंतर कळलं. तरुणपणी हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला जाऊन त्या सवाई गंधर्वांकडे शिकल्या, आणि तिकडं कुंदगोळलाही नाडिगेर वाड्यात गुरूंच्या नावानं संगीतोत्सव होतो. त्यांच्या कुठल्या एका चिजेवर मला बोट ठेवता येत नाही. त्यांचा नुसता षड्ज, म्हणजे 'सा', लागला की पुरे. एका सुरात उभं राहून त्या अशा काही थांबायच्या की आत्या हळूच पुटपुटायची, "बघ, काही करत नाहीयेत आणि सगळं होतंय."

'माता कालिका' म्हणजे मात्र जागं करणारं गाणं. पंडित जसराज, अडाणा, मध्यरात्र उलटून गेलेली, मांडवात अर्धी माणसं पेंगलेली, आणि ते स्टेजवर येऊन दोन्ही हात वर करून 'जय हो' म्हणायचे, त्यावर सगळा मांडव उलट 'जय हो' म्हणायचा आणि तिथंच झोप उडायची. अडाणा हा राग असा मध्यरात्रीनंतर, थंडीत, ऐकला ना की त्याच्यात वीज आहे हे पटतं. तोच अडाणा मी मागं एकदा दुपारी ऑफिसमधनं येताना ऐकला, ट्रॅफिकमध्ये, चांगलाच होता, पण घरी येऊन रात्री एक वाजता पुन्हा लावला तेव्हा तो खरा लागला. जसराजजी 2020 च्या ऑगस्टमध्ये गेले तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही, एकापाठोपाठ एक सगळ्यांनी फक्त 'जय हो' टाकलं.

रात्रभराच्या सवाईचं हेच तर होतं. राग त्यांच्या त्यांच्या वेळेला भेटायचे. संध्याकाळी मारवा, पूरिया, मग यमन, मारुबिहाग, मग बागेश्री, मालकंस, मग दरबारी, अडाणा, आणि पहाटे ललत, जोगिया, भटियार, आणि उजाडता उजाडता तोडी. घड्याळ बघावं लागायचंच नाही. आत्या डोळे मिटून सांगायची, "ललत लागला म्हणजे आता दूधवाला येईल." मग रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंदचा नियम आला आणि सवाई दुपारी सुरू होऊन रात्री दहाला संपायला लागलं. नियमाशी माझं भांडण नाही, पेठेत घराला घर लागून, त्यात म्हातारी माणसं, आजारी माणसं, परीक्षेची पोरं, त्यांनाही झोप हवीच की. पण काय गेलं हे तर म्हणू द्या मला. एक अख्खी पिढी आता अशी आहे जिनं दरबारी मांडवात बसून त्याच्या वेळेला ऐकलेलाच नाही, आणि मला मनापासून वाईट वाटतं त्याचं. मधे काही वर्षं रविवारी सकाळचं सत्र असायचं, तेव्हा निदान सकाळचे राग तरी मिळायचे, आणि त्या सत्राला मी आंघोळ करून, नवी साडी नेसून जायचे, सणासारखी.

वाद्यांबद्दल थोडंच लिहिते कारण माझा जीव गाण्यात जास्त. पण शिवकुमार शर्मांचं संतूर सोडता येणार नाही. ते जुळवायला वेळ घ्यायचे, आणि मांडवातली नवी माणसं कुजबुजायला लागायची आणि जुनी माणसं त्यांना गप्प करायची, की हे जुळवणंच ऐका. शंभराच्या आसपास तारा, आणि थंडीनं त्यांचा सूर हलायचा, मधेच थांबून परत जुळवायचे. शेवटी पहाडी धून. पहाडीचे ते पहिले चार सूर कुठंही ऐकले की मला स्टॉलवरच्या कॉफीचा वास येतो, का ते माहीत नाही, बहुधा एकदा कॉफी घेऊन येतानाच ती सुरू झाली असणार आणि मी कडेला उभ्यानंच सगळी ऐकली असणार. 2022 च्या मे महिन्यात शिवजी गेले.

आणि भीमसेनजी.

त्यांच्याबद्दल मला नीट लिहिता येत नाही, पण सोडूनही चालणार नाही. उत्सवाची सांगता ते करायचे. यजमान सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी बसतो ना तसं. रात्रभर तेच विंगेत उभे, कलाकारांची ये-जा बघतायत, कधी पुढं येऊन खाली बसलेत, आणि मग सगळ्यात शेवटी स्वतः गायला. सकाळ झालेली असायची, मांडवाच्या फटींतून ऊन आत यायचं, आणि आदल्या रात्री जे लोक झोपायला घरी गेलेले ते तोंड धुऊन परत आलेले असायचे, त्यामुळं गर्दी उलट वाढलेली. ख्याल व्हायचा, आणि मग पुन्हा तीच चुळबूळ, तीच मागणी, "अभंग!" "तीर्थ विठ्ठल!" "जो भजे!"

'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल'. नामदेवांचे शब्द, राम फाटकांची चाल. टाळावर माऊली टाकळकर. त्या टाळाचा नाद तुम्ही ऐकलाय का, मला त्याच्याबद्दल सांगायचंय, कारण रेकॉर्डिंगमध्ये तो मागं असतो पण मांडवात तो सगळीकडून यायचा, अंगातून जायचा. आणि भीमसेनजी 'विठ्ठल' म्हणताना एक हात असा वर न्यायचे, काहीतरी ओढून आणतायत वरून, मान एका बाजूला, डोळे मिटलेले, आणि तो सूर वर जाऊन थांबायचा, थांबायचा, थांबायचा, आणि सोडला की सगळ्या मांडवाचा श्वास सुटायचा. माझ्या पुढच्या सतरंजीवर एक वारकरी आजोबा बसले होते एका वर्षी, पांढरी टोपी, कपाळाला बुक्का, कुठल्या गावाहून आले होते कुणास ठाऊक, ख्यालाच्या वेळेला शांत बसलेले, राग-ताल त्यांना किती कळत होता माहीत नाही. 'तीर्थ विठ्ठल' सुरू झालं आणि ते उठून उभे राहिले. हात जोडून. मागच्यांना दिसत नव्हतं, पण कुणीही त्यांना खाली बसा म्हणलं नाही. सवाईत! जिथं मधे उठणाऱ्याला लोक नजरेनं जाळतात तिथं कुणीही बोललं नाही. अभंग संपेपर्यंत ते तसेच उभे होते आणि आत्या रडत होती.

हे गाणं आता आषाढीला सगळीकडं वाजतं, सोसायटीच्या गेटवर, मॉलमध्येसुद्धा. कुठंही वाजू दे, मला ते आजोबा उभे दिसतात.

भीमसेनजींच्या लहानपणाची गोष्ट सगळ्यांना माहिती आहे, गदगला असताना खाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' ही झिंझोटीतली तबकडी ऐकली आणि असं गाता आलं पाहिजे म्हणून 1933 साली, अकरा वर्षांचा पोरगा, घर सोडून गेला. मी ही गोष्ट मुद्दाम इथं काढली कारण ती तबकडी आजही मिळते, तीन मिनिटांची, आणि ती लावली की मला वाटतं की अरे, हा सगळा उत्सव, हे मांडव, त्या रात्री, आत्याच्या घरातले पाहुणे, हे सगळं या तीन मिनिटांतनं निघालंय. आणि कधीतरी ती लावून बघा, शेवटचा सूर गेल्यावर लगेच दुसरं काही लावू नका.

शेवट व्हायचा तो सवाई गंधर्वांच्या आवाजानं. 'बिन देखे पडे नहीं चैन', भैरवी. स्वतः रामभाऊंची जुनी ध्वनिमुद्रिका. सगळं गाणं-बजावणं झालं, की ती लावायची. आधी तबकडीची खरखर, मग तो लांबून आल्यासारखा आवाज. माणसं उठायच्या तयारीत, सतरंज्या गुंडाळायला घेतलेल्या, पिशव्या भरलेल्या, आणि ते सुरू झालं की जो जिथं आहे तिथं उभा. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं ते आता गातायत, हे सगळ्यांना माहीत असायचं. प्लेलिस्टमध्ये हे शेवटीच टाकलंय, त्याची जागा बदलता येणार नाही.

प्रभाताईंकडं परत येते, कारण भीमसेनजींच्या नंतर सांगता त्या करायच्या. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांच्या शिष्या, म्हणजे घराणं तेच, किराणा. आणि काय अभ्यासू बाई. कलावतीतलं 'तन मन धन', मारुबिहागातलं 'जागू मैं', या त्यांच्या स्वतःच्या रचना आहेत हे अनेकांना माहीतच नसतं, लोकांना त्या पारंपरिकच वाटतात, इतक्या त्या सगळ्यांच्या होऊन गेल्यात. नव्वदीच्या वयात स्टेजवर हळूहळू चालत येऊन बसायच्या, नेसणं नीटनेटकं, केस नीटनेटके, आणि पहिला सूर लावला की वय कुठं जायचं काय माहीत. 2023 च्या डिसेंबरात त्यांचं गाणं झालं. 13 जानेवारी 2024 ला सकाळी बातमी आली की त्या गेल्या. त्याच्या चारच दिवस आधी रशीद खान गेले होते, अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी. रशीद खान सवाईत गायला बसले की 'याद पिया की आये'ची फर्माईश ठरलेली, आणि ते गायचे तेव्हा जवान पोरं-पोरी, एरवी ख्यालाच्या वेळी फोन बघणारी, फोन उलटे ठेवून ऐकायची, हे मी स्वतः बघितलंय. त्या जानेवारीत आठवडाभर मी दुसरं काही ऐकलंच नाही. 'याद पिया की', मग 'जागू मैं', मग परत 'याद पिया की'.

कोविडच्या दोन वर्षांत सवाई झालंच नाही. 2020 आणि 2021. त्या पहिल्या डिसेंबरात आत्याचा फोन आला, "काय गं, जागी आहेस का?" रात्रीचे अकरा वाजले होते. म्हणाली स्पीकरवर ठेव, आणि तिनं तिकडं तिच्या घरी गंगूबाई लावल्या. मग मी इकडून मन्सूरअण्णा, म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर, लावले, मग तिनं कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, आणि असं आम्ही पहाटेपर्यंत केलं, ती नारायण पेठेत आणि मी कोथरूडला, मधे कॉफी करायला उठायचं तेवढंच. बोलायचं नाही हा नियम तिनं फोनवरही पाळायला लावला. पहाटे ललत लागल्यावर फक्त म्हणाली, "दूधवाला."

आता सवाई मुकुंदनगरला असतं, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर, 2018 पासून. जागा मोठी आहे, पार्किंग आहे, स्वच्छतागृहं चांगली आहेत, आत्यासारख्या गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या भरपूर, हे सगळं चांगलंच झालं. आनंद देशमुखांचं निवेदन तसंच, मांडवाबाहेर पुस्तकांचे, वाद्यांचे स्टॉल तसेच. माझी भाची आता माझ्याबरोबर येते, इंजिनिअरिंगला आहे, कौशिकी चक्रवर्तींची वेडी फॅन. मागच्या वेळी तिनं कौशिकींच्या गाण्याची एक क्लिप फोनवर घेतली, अर्ध्या मिनिटाची, आवाज फाटलेला, शेजारच्या काकूंचं "आहाहा" गाण्यापेक्षा मोठं. घरी आल्यावर मी तिला म्हणलं, अगं याच गाण्याचं स्वच्छ रेकॉर्डिंग आहे की यूट्यूबवर, पाठवू का? तर म्हणाली, "नको मावशी, त्यात आपण नाहीयोत."

त्या वाक्यानंच मला ही प्लेलिस्ट बनवायला बसवलं, खरं म्हणजे.

आणि आता मला मदत हवीये. पूर्वी लोक छोटे टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन मांडवात बसायचे. आत्याकडच्या कॅसेट आम्ही काढल्या, त्यातल्या काहींना बुरशी आलेली, काहींची फीत तुटलेली, पण निम्म्याच्या वर निघाल्या, आणि माझ्या एका मित्रानं त्या कॉम्प्युटरवर घेतल्या. तुमच्या घरात, माळ्यावर, काकांच्या कपाटात अशा कॅसेट असतील तर फेकू नका. ओळखीतला कुणी साउंडवाला असेल त्याच्याकडून करून घ्या, कॅसेटवर पेन्सिलीनं वर्ष, कलाकार, राग लिहिलं असेल तर त्या कागदाचाही फोटो काढून ठेवा, फीत जोरात पुढं-मागं पळवू नका, जुनी असेल तर तुटते. आणि करणाऱ्याला एक आवर्जून सांगा, तो सवयीनं 'नॉइज' काढायला जाईल. काढू देऊ नका. टाळ्या राहू देत, खोकला राहू दे, तानपुरा जुळवताना मागं कुणी काय बोलतंय ते राहू दे. आत्याच्या एका कॅसेटमध्ये दस्तूरांच्या आधी एक बाई शेजारणीला विचारतेय, "दशम्या आणल्यास का गं?" आणि ती म्हणते, "गोपाला झाल्यावर काढू."